नेट-सेटची तयारी: अर्ज भरण्यापासून आन्सर कीपर्यंत

नेट आणि सेट या सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा. त्यांत अमुक गुण मिळाले की पास, असं काही नसतं. परीक्षेच्या दोन्ही पेपरना बसलेल्या उमेदवारांपैकी ६ टक्के जणांना पात्र ठरवतात. या जागा आधी आरक्षणाप्रमाणे प्रवर्गांत आणि मग विषयांत वाटल्या जातात. खुल्या प्रवर्गाला ४० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के ही अट आहे खरी, पण ती शर्यतीत उभं राहण्यापुरती. खुल्या प्रवर्गातून ३०० पैकी १२० गुणांवर भागेल असं धरून अभ्यासाला बसू नका. कट-ऑफ दर वेळी बदलतो, विषयागणिक बदलतो आणि पेपर सोपा निघाला की सगळ्यांसाठीच वर जातो. म्हणून ‘अभ्यासक्रम एकदा वाचून झाला’ याला इथे फारशी किंमत नाही. वाचलेल्यातलं किती नेमकं आठवतं, यावर निकाल ठरतो.

आधी परीक्षा ठरवा

यूजीसी-नेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट, राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) घेते. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी, ८०हून अधिक विषयांत ती होते. पात्रता देशभर चालते. शिवाय ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, याच परीक्षेतून मिळते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे सीनिअर रिसर्च फेलो (एसआरएफ) म्हणून ४२,००० रुपये आहे.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे. १९९५ पासून ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ३२ विषय असतात, फेलोशिप नसते आणि प्रमाणपत्र याच दोन राज्यांतल्या नोकरीसाठी चालतं. (१ जून २००२ पूर्वी सेट झालेल्यांचं प्रमाणपत्र देशभर चालतं, पण हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाला त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही.) सेटची तारीख नेटसारखी ठरलेली नसते. विद्यापीठाची जाहिरात आली की महिन्याभरात अर्ज भरावा लागतो, त्यामुळे संकेतस्थळावर लक्ष ठेवावं लागतं.

भौतिक, रसायन, जीव, पृथ्वी आणि गणित या विज्ञानांची नेट वेगळी असते. ती सीएसआयआर-यूजीसी नेट. तिचे अ, ब, क असे तीन भाग असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. त्या परीक्षेचं गणितच निराळं असल्याने पुढचं सगळं यूजीसी-नेट आणि सेट यांनाच लागू आहे. सेटमध्ये मात्र हे विज्ञान विषयही आहेत, आणि तिथे गुण कापत नाहीत.

मानव्यविद्या, वाणिज्य, सामाजिक शास्त्रं यांच्या उमेदवारांनी दोन्ही परीक्षा द्याव्यात. अभ्यासक्रम एकच आहे, पेपरची रचनाही एकच. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी तर सेट सोडूच नये, कारण राज्यातल्या महाविद्यालयांत अर्ज करायला ती पुरते.

पात्रता आणि कागदपत्रं: इथे वर्ष वाया जातं

पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांसाठी ५० टक्के लागतात. यात पूर्णांक करत नाहीत. ५४.९८ म्हणजे ५५ नव्हे. ग्रेड पद्धत असेल तर तुमच्या विद्यापीठाचंच रूपांतराचं सूत्र वापरा, इंटरनेटवर कुठेतरी सापडलेलं नको. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना परीक्षा देता येते, मात्र निकालानंतर दोन वर्षांत पदवी आवश्यक टक्क्यांसह पूर्ण करावी लागते.

सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही. जेआरएफला ३० वर्षं, आणि महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, तृतीयपंथी यांना ५ वर्षांची सवलत.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापकासह पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांना परीक्षा देता येते, पण जेआरएफ आणि पीएच.डी.पुरतीच, प्राध्यापकीची पात्रता त्यातून मिळत नाही. पीएच.डी. प्रवेशासाठीचे गुण एक वर्षच चालतात. सहायक प्राध्यापक म्हणून मिळालेली पात्रता मात्र कायमची.

आता खरी अडचण. नेट केंद्राची परीक्षा असल्याने तिला केंद्राची जात-यादी लागते. सेटला राज्याची लागते. महाराष्ट्रातल्या विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग अशा वेगळ्या कप्प्यांना नेटच्या अर्जात जागाच नाही. यांतल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांच्या उमेदवारांनी नेटला ओबीसी म्हणून अर्ज करायचा, आणि नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढायचं. सेतू केंद्रात मागताना ‘केंद्रासाठीचं’ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर हातात राज्याचंच पडतं. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्रात नाही. त्या उमेदवारांनी नेटला खुल्या प्रवर्गातून, किंवा निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, अर्ज भरावा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं आहे ना, हेही पाहा. प्रमाणपत्राला कधी कधी महिना लागतो, म्हणून जाहिरात यायच्या आधीच अर्ज टाकून ठेवा.

विषय निवडताना पीजीचाच विषय घ्या. तो यादीत नसेल तर सर्वांत जवळचा. भलताच विषय ‘सोपा पडतो’ म्हणून घेऊन पात्र झालात, तरी मुलाखतीच्या जाहिरातीत पीजी आणि नेट एकाच विषयात मागितलेली असते, आणि प्रमाणपत्र कपाटात राहतं.

पेपरची रचना

पहिला पेपर सगळ्यांना सारखा: ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा तुमच्या विषयाचा: १०० प्रश्न, २०० गुण. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, चुकीला कपात नाही. नेटमध्ये दोन्ही पेपर सलग तीन तासांत, संगणकावर, मध्ये सुट्टी न घेता होतात. सेट आजवर ओएमआर उत्तरपत्रिकेवर, म्हणजे पेनाने गोल रंगवून, होत आली आहे. पहिल्या पेपरला एक तास, थोडी मधली सुट्टी, मग दुसऱ्याला दोन तास. दोन्हीकडे हिशेब एका प्रश्नाला ७२ सेकंदांचाच पडतो, फक्त नेटमध्ये पहिल्या पेपरातला वाचवलेला वेळ दुसऱ्यात वापरता येतो. सेटमध्ये येत नाही.

माध्यमाचा विचार अर्ज भरतानाच करा, कारण नंतर बदलत नाही. भाषा विषय सोडले तर नेट इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठीतून शिकलेले उमेदवार इंग्रजी जड जाईल म्हणून हिंदी निवडतात आणि पारिभाषिक शब्दांवर अडखळतात. हिंदी प्रश्नात ‘संशोधन’ म्हणजे घटनेतली दुरुस्ती. रिसर्चला तिथे ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ म्हणतात. आपला ‘चल’ (व्हेरिएबल) तिथे ‘चर’ होतो. भाषांतरात गफलत असेल तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात. तेव्हा अभ्यास मराठीतून करा, पण प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्द देवनागरीत का होईना, पण समोर लिहून ठेवा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश याच कामाचे आहेत.

सहा महिन्यांचं वेळापत्रक

रोज साडेतीन ते चार तास मिळतात असं धरून साधारण २४ आठवडे लागतात. नोकरी करणाऱ्यांनी आठवड्याचे पाच दिवस दोन-अडीच तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा-सात तास असं बसवावं. बेरीज जवळपास तेवढीच येते.

पहिले दोन आठवडे पुस्तक उघडू नका. यूजीसीच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि मागच्या सहा-सात सत्रांच्या प्रश्नपत्रिका अंतिम उत्तरतालिकेसह उतरवून घ्या. दोन्ही फुकट मिळतात. सेटच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. मग अभ्यासक्रमातल्या प्रत्येक ओळीला वहीचं एक पान द्या, आणि प्रत्येक जुना प्रश्न ज्या ओळीतून आला त्या पानावर थोडक्यात नोंदवा. कंटाळवाणं काम आहे, बरेच जण टाळतात. पण पंधरा दिवसांनी दिसतं की एखाद्या ओळीवर सहा सत्रांत अकरा प्रश्न आले आणि दुसरीवर एकही नाही. कोणतं पुस्तक किती खोल वाचायचं, हे त्या वहीवरून ठरवता येतं.

तिसऱ्या ते सोळाव्या आठवड्यात दुसरा पेपर. बहुतेक विषयांत १० घटक आहेत. घटकाला नऊ-दहा दिवस दिले की चौदा आठवड्यांत सगळं एकदा होतं. याच काळात रोज एक तास पहिल्या पेपरला. सतरा ते वीस या आठवड्यांत फक्त स्वतःच्या टिपणांवरून दुसरं वाचन आणि घटकवार जुने प्रश्न. शेवटचे चार आठवडे पूर्ण लांबीच्या मॉक टेस्ट, दर तिसऱ्या दिवशी एक. आठ-दहा पुरतात.

दुसरा पेपर: टिपणं कशी काढायची

एकूण गुणांतले दोन तृतीयांश इथे आहेत. ‘पेपर एक नीट केला की झालं’ असं सांगणारे क्लासवाले तुम्हाला सोपी वाट दाखवतात, पण ती वाट १०० गुणांवर संपते.

एम.ए.ला आपण उत्तरं लिहायला शिकतो: प्रस्तावना, मुद्दे, समारोप. इथे प्रश्न वेगळे येतात. जोड्या लावा, कालक्रम लावा, विधान आणि कारण, पाच विधानांपैकी कोणती बरोबर. त्यामुळे टिपणही त्याच साच्यात हवं. प्रत्येक घटकासाठी चार गोष्टी पुरतात. पहिली, वर्षांची पट्टी. दुसरी, व्यक्ती, ग्रंथ आणि संकल्पना यांच्या जोड्या. तिसरी, सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक एका वाक्यात. चौथी, संच: अमुक प्रकार किती, टप्पे कोणते आणि कोणत्या क्रमाने. निबंधासारखी पानंच्या पानं भरलेली टिपणं दुसऱ्या वाचनाला कोणी उघडत नाही.

वर्षं सुटी पाठ होत नाहीत, शेजाऱ्यांसह होतात. इतिहासाच्या उमेदवाराने इल्बर्ट बिल १८८३ एवढंच लिहिलं तर ते दोन महिन्यांत पुसलं जातं. तेच वर्नाक्युलर प्रेस ॲक्ट १८७८, हंटर आयोग १८८२, इल्बर्ट बिल १८८३, भारतीय विद्यापीठ कायदा १९०४, वंगभंग १९०५ अशा पट्टीत, आणि शेजारी लिटन, रिपन, कर्झन ही व्हाइसरॉयांची नावं लिहून ठेवली, की एक आठवलं तर पुढचं-मागचं ओढून येतं. कालक्रमाच्या प्रश्नाला नेमकं वर्ष नसलं तरी चालतं, क्रम लागतो.

आणि क्रमही पूर्ण लागत नाही. हा नमुना पाहा. पाच नावं दिली आहेत: (अ) कोठारी आयोग, (ब) राधाकृष्णन आयोग, (क) सॅडलर आयोग, (ड) हंटर आयोग, (इ) यशपाल समिती. पर्याय असे:

१) ड, क, ब, अ, इ
२) क, ड, ब, अ, इ
३) ड, ब, क, इ, अ
४) क, ब, ड, अ, इ

हंटर सर्वांत जुना, एवढं माहीत असलं की २ आणि ४ बाद. यशपाल समिती २००९ ची, म्हणजे शेवटी, ३ बाद. उत्तर १. मधल्या तिघांना हातही लावावा लागला नाही. म्हणून आधी दोन टोकं शोधा, मग पर्याय बघा. सगळा क्रम स्वतः लावून मग पर्यायात शोधणाऱ्याची दोन मिनिटं जातात. जोड्या लावाच्या प्रश्नातही असंच: ज्या दोन जोड्या खात्रीच्या आहेत, त्यांनी काम भागतं. खात्री नसलेल्या जोडीपासून सुरुवात केली की चुकीच्या पर्यायात अडकायला होतं.

विधान-कारण प्रश्नात बहुतेकांची दोन बरोबर विधानांवर गल्लत होते. दोन्ही विधानं खरी असतात, पण दुसरं पहिल्याचं स्पष्टीकरण असतंच असं नाही. दोन विधानांच्या मध्ये ‘कारण’ हा शब्द घालून मनात वाचा. वाक्य जुळलं तर स्पष्टीकरण आहे. ‘भारतात पहिली तीन आधुनिक विद्यापीठं १८५७ मध्ये स्थापन झाली, कारण १८५७ मध्ये उठाव झाला.’ दोन्ही खरं, संबंध काही नाही. विद्यापीठांमागे १८५४ चा वुडचा खलिता होता.

‘खालीलपैकी कोणती विधानं बरोबर आहेत’ यात ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधीही नाही’ असे शब्द असलेलं विधान आधी तपासा. चुकीचं निघण्याची शक्यता तिथे जास्त असते. शक्यता म्हटलं आहे, नियम नाही.

साहित्य कुठून? पीजीची मूळ पुस्तकं, इग्नूचं ई-ज्ञानकोश, यूजीसीचं ई-पीजी पाठशाला, आणि मराठीतून वाचायचं असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तकं आणि मराठी विश्वकोश. बाजारातलं जाडजूड गाइड एकच घ्या, आणि तेही सरावाच्या प्रश्नांसाठी. त्यांतल्या उत्तरांत चुका असतात; जुन्या प्रश्नाचं उत्तर नेहमी अंतिम उत्तरतालिकेशी ताडून घ्या.

पहिला पेपर: कुठे किती घाम गाळायचा

दहा घटक, प्रत्येकी ५ प्रश्न. म्हणजे प्रत्येकाला १० गुण सारखेच. पण सगळ्यांना मेहनत सारखी लागत नाही.

उताऱ्यावरचे ५ आणि तक्त्यावरचे ५ प्रश्न बहुधा एकेका संचात येतात. या २० गुणांसाठी काही पाठ करावं लागत नाही, हात बसावा लागतो. कॅल्क्युलेटर नेता येत नाही, म्हणून अपूर्णांकांची टक्केवारी तोंडपाठ हवी: एक षष्ठांश १६.६७, एक सप्तमांश १४.२९, एक अष्टमांश १२.५, एक नवमांश ११.११. तक्त्याखालची तळटीप आधी वाचा. आकडे हजारांत आहेत की लाखांत, टक्केवारी कशाची काढली आहे, हे तिथे असतं. ‘किती टक्क्यांनी वाढ’ आणि ‘किती टक्के’ यांतली गफलत ही या घटकातली सर्वांत नेहमीची चूक. उताऱ्यात उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं, आपल्या सामान्यज्ञानातून नाही.

गणिती क्षमतेत संख्यामालिका, गुणोत्तर, शेकडेवारी, वेळ-अंतर, सांकेतिक भाषा एवढंच येतं. मानव्यविद्येचे उमेदवार हा घटक आल्या आल्या सोडून देतात. दहावीच्या पातळीचं गणित आहे. रोज दहा उदाहरणं दीड महिना सोडवली तर पाचातले तीन-चार सुटतात. एक सापळा दर थोड्या सत्रांनी डोकावतो: जाताना ताशी ४०, येताना त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८.

तर्कशास्त्र मात्र वेळ द्यावा असं आहे. पाश्चात्त्य भागात विरोध-चौकोन (चार प्रकारच्या विधानांतले खरे-खोटेपणाचे संबंध दाखवणारी आकृती) आणि वेन आकृत्या येतात. चौकोन काढूनच सराव करा. ‘सर्व प्राध्यापक संशोधक आहेत’ हे विधान खोटं दिलं, तर ‘काही प्राध्यापक संशोधक नाहीत’ एवढंच निश्चित खरं. ‘एकही प्राध्यापक संशोधक नाही’ आणि ‘काही प्राध्यापक संशोधक आहेत’ या दोहोंबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि नेमके तेच पर्याय समोर ठेवलेले असतात.

भारतीय तर्कशास्त्राला घाबरून लोक पान उलटतात. मराठी वाचकाला खरं तर हा घटक इतरांपेक्षा सोपा जायला हवा, कारण शब्द ओळखीचे आहेत. प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, सहा: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी. कोण किती मानतं हे पाठ करा: चार्वाक एक, बौद्ध आणि वैशेषिक दोन, सांख्य तीन, न्याय चार, प्रभाकर मीमांसा पाच, भाट्ट मीमांसा आणि अद्वैत वेदान्त सहा. अनुमानाचे पाच अवयव धुराच्या उदाहरणावरून लक्षात ठेवा. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नेहमीचा संबंध म्हणजे व्याप्ती. हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, पाच: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. प्रत्येकाचं एक ठरलेलं उदाहरण घ्या. ‘शब्द नित्य आहे, कारण तो उत्पन्न होतो’ हा विरुद्ध. ‘आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे’ हा असिद्ध. ‘अग्नी थंड आहे, कारण ते द्रव्य आहे’ हा बाधित. चार दिवसांचं काम आहे.

अध्यापन आणि संशोधन हे दोन घटक वाचायला सोपे आणि सोडवायला फसवे. अध्यापनाच्या तीन पातळ्या कोणाच्या: स्मृती पातळी हर्बार्ट, आकलन पातळी मॉरिसन, चिंतन पातळी हंट. ब्लूमचं वर्गीकरण १९५६ चं. २००१ च्या सुधारित रूपात सर्वांत वरची पायरी मूल्यमापन नसून निर्मिती आहे. संशोधनात पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक (खरी शून्य परिकल्पना फेटाळली तर पहिली), संभाव्यता आणि असंभाव्यता नमुना निवडीतले प्रकार, आणि यूजीसीचे वाङ्मयचौर्याबाबतचे २०१८ चे नियम: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे तीन स्तर.

संप्रेषण एक-दोन दिवसांत होतं. माहिती-तंत्रज्ञानात द्विमान संख्या, मेमरीचे प्रकार आणि एकके, ई-मेलमधला सीसी-बीसीसी फरक, फिशिंगसारखे शब्द, स्वयम (ऑनलाइन अभ्यासक्रम) आणि स्वयंप्रभा (शैक्षणिक वाहिन्या). पर्यावरणात करारांची पट्टी: माँट्रियल १९८७, रिओ १९९२, क्योटो १९९७, पॅरिस २०१५, आपला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८, त्यातली आठ अभियानं, शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं. उच्च शिक्षणात वर आलेले आयोग, यूजीसी कायदा १९५६, नॅक (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) १९९४, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नीट वाचून. त्यातला २०३५ पर्यंत ५० टक्के सकल नोंदणी गुणोत्तराचा आकडा लक्षात असू द्या.

मॉक टेस्ट आणि चुकांची वही

मॉक दिली, गुण पाहिले, हळहळलो, पुढची दिली, असं केलं तर दहा मॉकनंतरही गुण हलत नाहीत. तीन तास पेपर दिला तर दोन तास तपासायला हवेत. चुकलेला प्रत्येक प्रश्न चार रकान्यांपैकी एकात टाका: माहीतच नव्हतं, वाचलेलं होतं पण विसरलं, दोन पर्यायांत अडकलं आणि चुकीचं निवडलं, प्रश्न नीट वाचला नाही. पहिला रकाना मोठा असेल तर मॉक थांबवा आणि अभ्यासाला बसा. दुसरा मोठा असेल तर उजळणीतलं अंतर कमी करा. तिसरा मोठा असेल तर ‘फरक’ या प्रकारची टिपणं कमी पडली आहेत. चौथ्या रकान्यात बहुतेक वेळा ‘नाही’ आणि ‘अयोग्य’ हे शब्द निसटलेले असतात. त्यावर शब्दाखाली बोट धरून वाचण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

अंदाजाने मारलेल्या उत्तरांपुढे मॉकमध्येच खूण करा, नाहीतर बरोबर आलेला अंदाज ज्ञान म्हणून मोजला जातो.

परीक्षेच्या दिवशी

चुकीला कपात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ३० प्रश्न अजिबात येत नसले तरी सरसकट उत्तरं दिली तर सरासरी सात-आठ बरोबर येतात, म्हणजे १५ गुणांच्या आसपास. एवढ्या गुणांत बरेच उमेदवार उलथेपालथे होतात.

नेटला पहिला पेपर ६० मिनिटांत, दुसरा १०० मिनिटांत आणि उरलेली २० मिनिटं राखीव, अशी विभागणी बऱ्याच जणांना जमते. दुसरा पेपर आधी सोडवला तरी हरकत नाही. डोकं ताजं असताना विषय आणि मग गणित-तक्ते, की उलट, हे मॉकमध्ये ठरवा, हॉलमध्ये नाही. संगणकावर पर्याय निवडला आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता उजवीकडच्या क्रमांकावर क्लिक करून पुढे गेलात, तर ते उत्तर नोंदलं जात नाही. हिरवा रंग म्हणजे उत्तर नोंदलं, लाल म्हणजे पाहिलं पण उत्तर नाही. जांभळ्यावर हिरवी खूण असेल तर उत्तर देऊन पुन्हा बघायला ठेवलेलं, आणि तेही तपासलं जातं. नुसता जांभळा मात्र शून्य. शेवटच्या पाच मिनिटांत फक्त या रंगांकडे बघा.

सेटला निळं किंवा काळं बॉलपेन, दोन न्या. पुस्तिका हातात आली की पानं आणि प्रश्न मोजा, कमी-जास्त असेल तर लगेच बदलून घ्या. गोल वीस-वीस प्रश्नांच्या गठ्ठ्याने भरत चला. सगळे शेवटी भरायला ठेवले की घंटा होते, आणि एकेक भरत गेलं की एखादा प्रश्न सोडल्यावर पुढची सगळी रांग एका ओळीने घसरते. रंगवलेला गोल खोडता येत नाही. प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिकेची दुसरी प्रत घरी आणता येते; मूळ प्रत पर्यवेक्षकांकडे द्यायला विसरू नका.

नंतर

तात्पुरती उत्तरतालिका आली की आपली उत्तरं त्याच दिवशी ताडून बघा, हरकतीला मुदत थोडे दिवसच असते. एनटीए प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये घेते आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून हरकत घ्यायची तर प्रमाण ग्रंथाच्या पानाचा फोटो जोडून घ्या. गाइडच्या पानावर घेतलेली हरकत टिकणं अवघड. हरकती मंजूर झाल्या की अंतिम उत्तरतालिका निघते, आणि निकाल तिच्यावरून लागतो. तिच्यावर पुन्हा हरकत घेता येत नाही. एकाच विषयाची नेट अनेक पाळ्यांत (शिफ्टमध्ये) झाली असेल तर निकाल पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के उमेदवार तुमच्या मागे आहेत यावर लागतो, त्यामुळे कच्चे गुण मोजून दुसऱ्या पाळीतल्या मित्राशी तुलना करण्यात अर्थ नाही. पात्र ठरलात तर ई-प्रमाणपत्र उतरवून घेतानाच नाव, विषय, प्रवर्ग पीजीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहा. स्पेलिंगमधली चूक नोकरीच्या कागदपत्र तपासणीला सापडण्यापेक्षा आत्ता सापडलेली बरी.